पाचाचा सहा

मिरजेच्या तारघरात एकतीस वर्षं
बोटानं बोललेला माणूस
आता कानानं अधू.
सांगलीत, हरिपूर रस्त्याच्या खोलीत,
माझ्या टेबलासमोर बसून विचारतो,
आज हळद काय म्हणाली?

चारच अक्षरं, बाबा. ए, सी, जी, टी.
चारच?
मग दोनदा हो-नाही विचारलं
की अक्षर हातात.
हे शिकायला मी पुण्यात एक अख्खं सत्र घालवलं होतं.

आदगोंडा पाटलांच्या रानातलं बेणं आहे हे,
वारणाकाठचं.
हळदीला फूल येतं, बी धरत नाही.
गड्डा मोडायचा, पुरायचा,
तोच पुन्हा वर येतो.
पिढ्यान्‌पिढ्या एकच तार
या वाफ्यातून त्या वाफ्यात,
आणि उतरवून घेणारी दरवेळी नुसती माती.

शिवाय प्रत्येक पान तीन प्रतींत.
बाबा खुर्चीत पुढे सरकले.
आम्ही फक्त आकडे पुन्हा पाठवायचो, शेवटी, एकदा.
तीनदा म्हणजे चैन आहे गं.
दोघांचं पटलं नाही तर तिसऱ्याला विचारता येतं.
मी म्हटलं, पेशीत असं मतदान होत नाही.
तुला काय माहीत, म्हणाले.

मी पडदा त्यांच्याकडे वळवला.
मैलोन्‌मैल तेच तेच,
टी ए टी ए टी ए,
पुढचं अक्षर न बघता सांगावं,
आणि जे न बघता सांगता येतं
त्यात बातमी ती कसली?
हे दाबून चिमूटभर करता येतं, मी म्हटलं.
त्यांना ते ठाऊक होतं:
लग्नाच्या अख्ख्या शुभेच्छा
ते एका आकड्यात पाठवायचे,
पलीकडचा मास्तर वही उघडून
'सुखाचा संसार' लिहून घ्यायचा.
पण हे तेच तेच, ते म्हणाले, वाया नसेल.
रात्री काही पाठवायला नसलं तरी
आम्ही टकटक करत राहायचो,
लाइन जिवंत आहे एवढंच कळावं म्हणून.

मग बराच वेळ काही नाही.
खाली कुणीतरी हळदीचं पोतं आपटलं,
खिडकीच्या कडेला पिवळं बसलं.

अडुसष्ट साली, नवा होतो.
पेठेतल्या एका व्यापाऱ्याची तार, सेलमला:
बेणं पाच पोती पाठवा.
पाच म्हणजे पाच टिंबं.
माझं पहिलं टिंब जरा लांबलं.
टिंबाची रेघ झाली की
पाचाचा सहा.
आकडा पुन्हा पाठवायचा राहिला.
सहावं पोतं व्यापाऱ्यानं घेतलं नाही,
स्टेशनात चार दिवस पडून होतं, कोंब फुटेस्तोवर.
मग आदगोंडाच्या बापानं
पडेल भावात उचललं.
माझ्या पगारातून तीन रुपये.
तुझ्या आईलाही नाही सांगितलं.

मी हातातल्या कुपीकडे बघितलं.
तिच्यावर माझ्याच अक्षरात: आ. पा., वारणाकाठ.

या बेण्यात एका जागी
बाकी सगळीकडे टी असताना
तीनातल्या एका प्रतीत सी आहे.
बहुतेक काही बिघडत नाही त्यानं.
शब्दाचं तिसरं अक्षर आहे ते,
ते बदललं तरी अर्थ तोच राहतो,
पाणी म्हणा नाहीतर जल.
यंत्राचीही चूक असेल.
त्यांच्या लांबलेल्या टिंबाशी तर
त्याचा काडीचा संबंध नाही,
मी त्यांना समजावून सांगितलं, दोनदा.

ते ऐकत नव्हते,
किंवा त्यांना ऐकू येत नव्हतं.
परवा आदगोंडा म्हणाला होता,
सगळ्या शिवारात गड्डे कुजले
त्या साली आमचं तेवढं राहिलं.
का राहिलं, ते मला अजून माहीत नाही.
हेही मी सांगितलं.

पुन्हा वाच, बाबा म्हणाले. सावकाश.
मी त्या जागेच्या अलीकडून सुरुवात केली.
जी. ए. ए. सी.
त्यांची तर्जनी टेबलावर
माझ्या मागोमाग चालत होती,
आणि सी आला तेव्हा
त्यांनी हात वर केला:
थांब. हे परत पाठव.